मधोमध म्हणजे नेमकं कुठं?

लेकरांनो, आज येळवस. आपल्या धाराशिव-लातूरकडं या दिवशी रानात बसून ज्वारीची आंबील प्यायची. ती आंबते मुख्यतः ताकातल्या जिवाणूंमुळं. पण पूर्व आफ्रिकेत भरडधान्याची बियर करतात, तिच्यात एक बुरशी राहते. बुरशी म्हटलं की तुम्हाला काणी आठवणार, दाण्याच्या जागी काळी भुकटी! पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळतो ते तिच्यासाठीच. ही आफ्रिकेतली तिची लांबची नातलग मात्र गरीब. १८९३ साली पाउल लिंडनर नावाच्या जर्मन माणसानं तिला बियरमधून वेगळं काढलं. शास्त्रीय नाव फार आडमुठं, आपण नुसतं यीस्ट म्हणू.

हे यीस्ट म्हणजे एकच पेशी, गोल टोकांच्या कांडीसारखी. अशा सत्तरेक पेशी टोकाला टोक लावून मांडल्या, तर कुठं एक मिलिमीटर भरेल. ती जाड होत नाही, टोकांकडून नुसती लांबत जाते. पुरेशी लांबली की बरोबर मधोमध पडदा पडतो, एकीच्या दोघी.

“आजोबा, पण मध्य कुठं ते तिला कसं कळतं? तिच्याकडं पट्टी असते?”

शाबास, शास्त्रज्ञांनीही हेच विचारलं! पेशीत केंद्रक असतं. त्याच्यापासून बारीक नळ्या दोन्ही टोकांकडं वाढतात आणि भिंतीला टेकल्या की केंद्रकाला मागं रेटतात. दोन्हीकडचा रेटा सारखा होतो तिथं केंद्रक थांबतं, तोच मध्य. मग केंद्रकातलंच एक प्रथिन बाहेर येऊन पेशीच्या कडेला खूण करतं. टोकांपाशी दुसरं प्रथिन असतं, ते म्हणतं, ‘इथं नाही.’ खुणेवर अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं कडं तयार होतं आणि आजीच्या बटव्याची नाडी ओढावी तसं आवळत जातं. मागोमाग नवी भिंत. या मायोसिनची भावकी तुमच्या दंडातही आहे बरं का!

आणि विभागायचं कधी? १९७०च्या दशकात एडिनबरात पॉल नर्स या शास्त्रज्ञाला या यीस्टच्या काही बुटक्या पेशी दिसल्या. नीट वाढायच्या आतच त्या विभागत होत्या. दुसऱ्या कुणी त्या बिघडलेल्या म्हणून टाकून दिल्या असत्या. नर्सनं ओळखलं, ‘थांब’ म्हणणारं जनुकच इथं कामावर नाही. मग ‘चल’ म्हणणारं कोण? माग काढत तो सीडीसी-२ या जनुकापाशी पोचला.

खरी गंमत पुढंच. १९८७ साली मेलनी ली आणि नर्स यांनी लंडनमध्ये हे जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुकं सोडली. त्यांतल्या एका जनुकानं अडलेल्या पेशी पुन्हा विभागू लागल्या! दोघांची वंशावळ वेगळी होऊन शंभर कोटींवर वर्षं झाली, तरी एकाचं काम दुसऱ्याच्यानं भागलं. २००१चं नोबेल नर्सला हार्टवेल आणि हंट या शास्त्रज्ञांसोबत मिळालं. स्तनाच्या कर्करोगावरच्या काही नव्या गोळ्या अडवतात ती प्रथिनं सीडीसी-२च्याच घराण्यातली.