एक तार आणि एक जातें

गाणें ऐकावयाचें म्हणजे मोठा मंडप, उंच व्यासपीठ आणि दोन्ही बाजूंस ध्वनिवर्धकांचे मनोरे हवेतच, अशी आजकाल बहुतेकांची समजूत होऊन बसली आहे. आमचीही थोडीबहुत तशीच होती. गेल्या मार्गशीर्षांत पन्हाळा तालुक्यांतील कोडोली येथें एका स्नेह्यांच्या घरीं जी संध्याकाळ आम्हीं घालविली, तिनें ती समजूत पार पुसून टाकिली. तेथें जें कानीं पडलें, त्याच्यासारखें कांहीं आमच्या वाचकांच्या घरांतही अबोल पडून असेल, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

कोडोली हें वारणेच्या खोऱ्यांतलें मोठें गांव. भोंवतीं उंसाचीं शेतें आणि पलीकडे जोतिबाचा डोंगर. शेजारच्या वारणानगरच्या मुलांच्या वाद्यवृंदामुळें ह्या भागाचें नांव संगीतप्रेमी लोकांस नवें नाहीं. आमच्या यजमानांनीं मात्र त्या दिवशीं वृंद बोलाविला नव्हता. सोप्यावर दोन जाजमें अंथरलीं होतीं, समई लावली होती, आणि घरचीं व शेजारचीं मिळून पंचवीसएक माणसें गुडघ्याला गुडघा लावून बसलीं होतीं.

आरंभ एकतारी भजनानें झाला. वाळलेला भोपळा, त्यांत खोंवलेला वेळूचा दांडा आणि त्यावर ताणलेली एकच तार, एवढेंच तें वाद्य. ती तार सुरावट वाजवीत नाहीं. एक सूर अखंड धरून ठेवते, आणि गाणाराचा गळा त्या सुराभोंवतीं फिरत राहतो. जोडीस दिमडी आणि टाळ. देहाला चार दिवसांचें घर कल्पून रचलेलीं तीं पदें आम्हीं पूर्वीं जत्रेंत कर्ण्यांवरून ऐकलीं होतीं. पण त्या वेळीं दिमडीच्या कडकडाटांत एकतारी बुडून गेली होती. येथें शब्द आले कीं दिमडीवाला आपण होऊन हात हलका करी. दोन ओळींच्या मध्यें गाणारानें घेतलेला श्वाससुद्धां ऐकूं येई. गाणें आपणांस ऐकवीत आहेत असें न वाटतां, आपल्याशीं कोणी बोलत आहे असें वाटूं लागलें.

त्यानंतर यजमानांचा पुतण्या, जो शिक्षणासाठीं पुण्यास असतो, गिटार घेऊन पुढें सरकला. त्यानें वाजविलें तें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें ‘ब्लूज’ ह्या नांवाचें गाणें. मंडळींस तें अगदींच अपरिचित म्हणून त्यानें थोडी माहिती सांगितली. 1865 सालीं तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली. पण सुटलेल्या माणसांस परक्याच्याच शेतांत कापूस वेंचीत राहावें लागलें, आणि त्या कष्टांतून हें गाणें आकारास आलें. 1903 च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी नांवाचा संगीतकार मिसिसिपी प्रांतांतील टटवाइलर स्टेशनावर गाडीची वाट पाहत असतां, फाटक्या कपड्यांतील एक मनुष्य गिटारच्या तारांवरून सुरी फिरवीत एकच ओळ तीन वेळां म्हणतांना त्यास आढळला. पुढें ह्या गाण्याचा सांचा ठरला तो असा : एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिचें उत्तर द्यावयाचें. ओळ संपली कीं गिटार हुंकार देते. गंधार आणि निषाद हे स्वर किंचित् उतरते लागतात, म्हणून आनंदाच्या शब्दांतही विषादाची छटा उतरते.

त्याचें वाजविणें संपलें आणि माजघराच्या दारांतून आवाज आला, “अरे, हें तर आमच्या जात्यासारखेंच कीं!”

बोलणाऱ्या आजी म्हणजे यजमानांच्या मातोश्री. वय ऐशींच्या पुढें. गांवांत पिठाची गिरणी रुळेपर्यंत त्यांनीं रोज पहांटे दळण दळलेलें. “तुझी गिटार हुंकार देते, आम्हांला जातें देई,” असें म्हणून त्यांनीं, जणूं खुंटा हातांत आहे असा हात फिरवीत, ओवी म्हटली. एक ओळ, मध्यें ‘बाई’चा टेंका, पुन्हां तीच ओळ, मग उत्तर. पहिल्या ओव्या माहेरच्या वाटेच्या आणि भावाच्या होत्या. पुढें सूर खालीं आला. पाळण्यांतून गेलेल्या एका मुलीची ओवी आली, तिच्या नांवासकट.

सोप्यावर कोणी हललें नाहीं. यजमान साठीचे गृहस्थ. त्यांना आपल्या आधीं एक बहीण होऊन गेली, हें त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतें! त्यांनीं हलकेच विचारलें, “आई, कधीं बोललीस कशी नाहींस?” आजी म्हणाल्या, “बोलायला कुणापुढें होतें रे? जात्याला सांगत होतें. मग जातें गेलें.”

ह्या एका वाक्यांत केवढा इतिहास आहे! कांडतांना ओवी म्हणणाऱ्या महाराष्ट्रांतील स्त्रियांचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या 1129 च्या सुमाराच्या ‘मानसोल्लासा’त आहे. निदान आठशें वर्षें जें गाणें चाललें, तें गिरणी येतांच दोन पिढ्यांत थांबलें. गिरणीनें बायकांचे कष्ट वांचविले, ह्याबद्दल तिचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु जें दुःख सासरीं उघड बोलतां येत नसे, तें सांगण्याची जागाही तिच्याबरोबर गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनीं गांवोगांव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हें त्यांचें फार मोठें कार्य होय. पण आपल्या घरच्या ओव्या गोळा करण्यास बाहेरचें कोणी कशास यावें?

ध्वनिवर्धकाचा आम्हांस द्वेष नाहीं. मडी वॉटर्स हा ब्लूज गाणारा, ज्याचें गाणें 1941 सालीं त्याच्या शेतमळ्यावर साध्या गिटारसह ध्वनिमुद्रित झालें, 1943 सालीं शिकागोस गेला. तेथील गजबजाटांत साधी गिटार ऐकूं येईना म्हणून त्यानें विजेची घेतली. गर्दीस मोठा आवाज लागतोच. घरास मात्र लागतो तो ऐकणारा मनुष्य.

म्हणून आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें : महिन्यांतून एक संध्याकाळ घरांतील दूरदर्शन आणि मोबाइल बाजूस ठेवून सर्वांनीं एकत्र बसावें. घरांत ज्यास जें येत असेल, भजन, आरती, गिटार, तें त्यानें म्हणावें वा वाजवावें, आणि मग आजीला, आत्याला, काकूला विचारावें, “तुम्ही काय म्हणत होतां?” टिपून ठेवणें चांगलेंच, पण त्या दिवशीं कोडोलीस सूनबाईंनीं मोबाइल पुढें करतांच आजी गप्प झाल्या, आणि त्यांनीं तो खालीं ठेवल्यावरच पुढची ओवी आली.

आम्ही निघालों तेव्हां रात्र बरीच झाली होती. माजघरांत यजमान आईच्या पायांशीं बसले होते, आणि त्या मुलीचें नांव पुन्हां एकदां विचारीत होते.