सल्ल्याचा खर्च कोणी उचलावा?

ज्या घरात पेढी चालते, त्या घरातील मुलांना ‘येणे’ आणि ‘देणे’ हे दोन शब्द फार लवकर उमजतात. येणे वसूल कसे करावे, याचे शिक्षण व्यापारी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या मिळत असते. मात्र देणे फेडण्याची शक्तीच संपलेल्या माणसाने कोणाकडे जावे, हे सहसा कोणी शिकवीत नाही. ब्रिटनमध्ये या प्रश्नातून एक मोठी सेवा उभी राहिली आहे. कर्ज, सरकारी लाभ आणि निवारा या तिन्ही विषयांवर विनामूल्य सल्ला देणारी स्थानिक केंद्रे तेथे शहरोशहरी आढळतात. पूर्व आफ्रिकेतून तिकडे गेलेल्या जैन कुटुंबांमुळे लंडन व लेस्टर ही नावे वाचकांना परिचित आहेतच. त्याच शहरांतील ही सेवा कोणाच्या पैशावर चालते आणि तो पैसा आटला की काय होते, हे दानधर्माची परंपरा जपणाऱ्या घरांनी जाणून घेण्याजोगे आहे.

युद्धकाळातील आरंभ

ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात उडी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ‘सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरो’ या नावाची सुमारे २०० केंद्रे एकाच वेळी उघडली. कर्ता पुरुष रणांगणावर, घर बॉम्बने उद्ध्वस्त, हप्ते थकलेले आणि सरकारी कागदपत्रे हरवलेली, अशा अवस्थेतील माणसे तेथे येत. सल्ला देणारे बहुतांशी स्वयंसेवक होते. १९४२ पर्यंत केंद्रांची संख्या हजाराच्या पुढे गेली. युद्ध संपल्यावर सरकारी अनुदान आटले आणि अनेक केंद्रांना कुलूप लागले. लोकांच्या अडचणी मात्र युद्धाबरोबर संपल्या नव्हत्या. पुढे सत्तरच्या दशकात सरकारने पुन्हा निधी दिला, तेव्हा हे जाळे नव्याने विस्तारले. १९७० मध्ये नॉर्थ केन्सिंग्टन येथे देशातील पहिले ‘लॉ सेंटर’ सुरू झाले आणि गरिबांच्या वस्तीत वकिलाचा सल्लाही विनाशुल्क मिळू लागला.

एकाच धाग्याच्या तीन गाठी

कर्ज, लाभ आणि घर हे विषय एकाच छताखाली का हाताळले जातात, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखादी विधवा घरभाडे थकले म्हणून केंद्रात आली. तिच्या पिशवीत न उघडलेली पाकिटे असतात. सल्लागार ती उघडून देण्यांची वर्गवारी करतो. घरभाडे, स्थानिक कर, वीज व गॅस यांची थकबाकी आधी. क्रेडिट कार्डाची नंतर. कारण पहिल्या वर्गातील देणे चुकल्यास घर जाते, वीज तोडली जाते किंवा जप्ती येते. मोठ्या आवाजात तगादा लावणाऱ्याला प्रथम पैसे देण्याची सामान्य माणसाची प्रवृत्ती असते. येथे तोच क्रम बदलला जातो.

मग उत्पन्नाची बाजू तपासली जाते. घरभाड्यासाठी मिळणारा सरकारी भत्ता बंद झाला असेल, तर त्या निर्णयाच्या फेरविचारासाठी साधारणतः एक महिन्याच्या आत अर्ज करावा लागतो. तो भत्ता पुन्हा सुरू झाला की भाडे भरता येते, घरमालकाशी हप्ते ठरविता येतात आणि घर टिकते. कर्ज येथे रोगाचे लक्षण असते. मूळ दुखणे बंद पडलेल्या भत्त्यात असते. एकाच गाठीवर सल्ला देणारी व्यक्ती ही साखळी पाहू शकत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची योजना लागू आहे. तिच्यात पात्र कर्जदाराला ६० दिवसांची सवड मिळते. त्या काळात बहुतेक कर्जांवरील व्याज, दंड आणि वसुलीची कारवाई थांबते. या सामान्य सवलतीसाठी अर्ज मात्र कर्जसल्लागाराच्या मार्फतच करावा लागतो. म्हणजे कायद्याने हक्क दिला आणि त्याची किल्ली सल्लागाराच्या हाती ठेवली. ज्या गावात सल्लागार नाही किंवा त्याच्याकडे दोन महिन्यांची रांग आहे, तेथे तो हक्क कागदावरच राहतो.

पैसा येतो कोठून?

या केंद्रांचा खर्च अनेक ओंजळींनी भरला जातो. स्थानिक कौन्सिलचे अनुदान, राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातील निधी, धर्मादाय न्यासांची देणगी आणि वित्तसंस्थांवरील आकार ही त्यांतील प्रमुख साधने. शेवटचे साधन व्यापाऱ्याच्या दृष्टीने विशेष विचारात घेण्यासारखे आहे. फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी ही नियामक संस्था कर्ज देणाऱ्या कंपन्यांकडून आकार वसूल करते. २०१९ पासून अस्तित्वात आलेल्या ‘मनी अँड पेन्शन्स सर्व्हिस’मार्फत इंग्लंडमधील कर्जसल्ल्यास त्यातून निधी मिळतो. स्टेपचेंज ही १९९३ मध्ये स्थापन झालेली धर्मादाय संस्था कर्जदाराकडून वसूल झालेल्या रकमेचा काही भाग धनकोंकडूनच वर्गणी म्हणून घेते. ऋणको घाबरून दडून बसला तर सारेच बुडीत खाती जाते. त्याला शहाणा सल्ला मिळाला तर काही तरी परत येते. हा हिशेब धनकोलाही पटण्याजोगा आहे.

उलट दिशेचे पाऊल २०१३ मध्ये पडले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून इंग्लंड व वेल्समध्ये सरकारी लाभांविषयीचा बहुतेक सल्ला कायदेविषयक मदतीच्या कक्षेतून वगळण्यात आला. घर जाण्याचा धोका असलेली कर्जप्रकरणे तेवढी शिल्लक राहिली. परिणामी सरकारी खर्चाने मिळणारी मदत घर जाण्याच्या वेळीच पोहोचू लागली. थकीत खात्याची पहिली चाहूल लागताच हालचाल केली तर ते सावरते, हे बँकिंगमध्ये मुरलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे; येथे नेमकी ती पहिली चाहूलच वगळली गेली. काही लॉ सेंटर्स त्यानंतर बंद पडली.

अनुदान आणि निविदा

निधी कोणत्या मार्गाने द्यावा, यावरही तेथे मोठा वाद झाला. निविदा म्हणजे सेवेची खरेदी. किती फोन घेतले, किती प्रकरणे निकाली काढली, यावर मोबदला ठरतो. अनुदान म्हणजे चालत्या कार्याला आधार. फोनवरचे प्रकरण वीस मिनिटांत निकाली निघते. न उघडलेल्या पाकिटांची पिशवी समोरासमोर बसूनच उलगडावी लागते. केवळ संख्या मोजली तर पिशवीवाला माणूस नकोसा होतो. इंग्लंडमधील प्रादेशिक कर्जसल्ल्याची निविदाप्रक्रिया सल्लागारांच्या तीव्र विरोधानंतर २०२२ मध्ये मागे घेण्यात आली आणि अनुदान पुढे चालू ठेवण्यात आले.

आपल्याकडील स्थिती

भारतातही ही कल्पना अगदी नवी नाही. बँक ऑफ इंडियाने २००६ मध्ये मुंबईत ‘अभय’ हे कर्ज-समुपदेशन केंद्र सुरू केले. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये अशा केंद्रांची आदर्श योजना प्रसृत केली. सेवा विनामूल्य असावी आणि केंद्राने बँकेपासून योग्य अंतर राखावे, अशी तिची अपेक्षा होती. २०१२ च्या सुधारित सूचनांत ‘कर्ज-समुपदेशन’ हे शब्द केंद्रांच्या नावातून गळाले आणि आर्थिक साक्षरतेला प्राधान्य मिळाले. २०१७ पासून स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाने चालणारी आर्थिक साक्षरता केंद्रे उभी राहिली. मार्च २०२४ अखेर त्यांची संख्या २,४२१ होती. त्यांच्या खर्चात प्रायोजक बँकांबरोबर ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीचाही वाटा असतो. दहा वर्षे कोणी दावा न केलेल्या ठेवी या निधीत जमा होतात. साक्षरतेचे हे कार्य मोलाचे आहे. पण ज्याच्या दारी जप्तीची नोटीस लागली आहे, त्याला वर्गापेक्षा शेजारी बसून कागद वाचणारा माणूस अधिक हवा असतो.

समाजातील न्यास शिष्यवृत्ती देतात, औषधोपचाराचा खर्च उचलतात, धर्मशाळा बांधतात. त्यांच्या वार्षिक अंदाजपत्रकात एका प्रशिक्षित सल्लागाराच्या वेतनाला जागा मिळू शकते. मात्र ब्रिटनचा अनुभव ध्यानी घ्यावा. वर्षावर्षाच्या मंजुरीवर चालणाऱ्या केंद्रातील कर्मचारी वर्षअखेर दुसरी नोकरी शोधू लागतो. म्हणून मंजुरी किमान तीन वर्षांची असावी. खर्चात जागेचे भाडे, फोन आणि हिशेबनिसाचाही समावेश असावा. मदत मागणाऱ्याचे नाव विश्वस्तांपर्यंतही जाऊ नये; कारण व्यापारात पत गेली की धंदा जातो, आणि त्या भयानेच संकटातील व्यापारी शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. अशा केंद्राच्या भिंतीवर देणगीदारांची मोठी यादी झळकणार नाही. वर्षाअखेरीस किती कुटुंबे आपल्या घरात टिकून राहिली, एवढी एक ओळ अहवालात आली, तर विश्वस्तांनी तिच्यावर समाधान मानावे.