बर्फ पडला की गॅरेजचा हंगाम

माझदा मियाटा ही १९८९ साली आलेली दोन आसनी गाडी: १.६ लिटरचं इंजिन, जेमतेम ११६ अश्वशक्ती. अमेरिकेतले हौशी तिच्यात शेवरोलेचं ५.७ लिटरचं ‘एलएस१’ व्ही-८ बसवतात. १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये ते ३४५ अश्वशक्ती द्यायचं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून हे धूड त्या चिमुकलीला पेलवतं. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, पत्रा गंजतो. मग गाडी आत आणि काम सुरू.

बहुतेकांचा जीव कॅमशाफ्टवर. आवाज भारी येतो ना! पण आधी मागचा डिफरन्शियल बघावा. मूळचा जवळपास तिप्पट ताकदीसाठी घडवलेलाच नाही. पाठोपाठ रेडिएटर आणि ब्रेक. जोरकस कॅम टाकला तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही बदलाव्या लागतात, ईसीयूचं ट्यूनिंग नव्याने करावं लागतं. हा खर्च यादीत हमखास राहून जातो.

गाडी उभी करताना टाकी भरून त्यात इंधन टिकवणारं स्टॅबिलायझर घालावं, बॅटरीला मेंटेनर लावावा.

आपल्याकडे मात्र हात घालण्याआधी आरटीओ गाठा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार इंजिन बदलायला मान्यता लागते.