खंड्याची चोच आणि आगगाडी
जपानमध्ये १९६४ साली तोक्यो व ओसाका या नगरांदरम्यान अतिवेगवान आगगाडी सुरू झाली. तिचा कमाल वेग ताशी २१० किलोमीटर होता. पुढे वेग वाढवू जाता एक विलक्षण अडचण उद्भवली. गाडी बोगद्यात शिरली की पुढील हवा दाबली जाई आणि तो दाब दुसऱ्या तोंडातून तोफेसारखा गर्जत बाहेर पडे. जवळच्या वस्तीला मोठा उपद्रव होई. एजी नाकात्सू हे अभियंते पक्षिनिरीक्षणाचे भोक्ते होते. खंड्या वेगाने पाण्यात सूर मारतो, पण पाणी फारसे उसळत नाही. चोचच तशी निमुळती! त्याच धर्तीवर गाडीला सुमारे १५ मीटर लांबीचे नाक दिले गेले. १९९७ साली ती सान्यो मार्गावर ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली, आणि बोगद्यांच्या तोंडची गर्जना बरीच शमली.