स्त्रीवाद बाहेरून आला का? तंजावरातली काही उत्तरं

तंजावरहून बोलतोय. आजचा विषय जरा गरम आहे, तेव्हा आधी कॉफी घेऊन बसा.

आम्ही निवृत्त फौजी कुठे जमलो, किंवा घरच्या लग्नात पंगतीला बसलो, आणि कुणी ‘स्त्रीवाद’ हा शब्द काढला, की ठरलेली वाक्यं येतात. हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. आमच्याकडे तर राण्या राज्य करत होत्या. या बायकांना पुरुष नकोच आहेत. आणि शेवटचं, आता कायद्यानं सगळं मिळालं, आणखी काय हवं? बोलणारी माणसं वाईट नसतात. बहुतेकांनी मुलींना उत्तम शिकवलेलं असतं. म्हणूनच उत्तर द्यायला हवं, आणि ते द्यायला मला लांब जावं लागत नाही.

आधी शब्दाचा अर्थ. बाई आहे म्हणून तिचा हक्क, संधी किंवा मान कमी होऊ नये, आणि होत असेल तर का होतो ते विचारावं. एवढंच. यातून पुढे अनेक पंथ निघाले, त्यांचे आपसात वादही आहेत, पण मूळ गोष्ट एवढीच.

आता ‘पाश्चात्त्य खूळ’. अठराव्या शतकात मराठ्यांच्या तंजावरात दोन ग्रंथ झाले. एक त्र्यंबकयज्वन् या दरबारी पंडितांचा ‘स्त्रीधर्मपद्धति’, संस्कृतात. पत्नीनं पहाटे नवऱ्याआधी उठावं इथपासून तो मेल्यावर सहगमन करावं इथपर्यंत सगळं त्यात नियमात बांधलेलं आहे. दुसरा मुद्दुपळनी हिचा ‘राधिका सांत्वनमु’, तेलुगूत. ही प्रतापसिंह महाराजांच्या दरबारातली गणिका आणि कवयित्री. तिनं राधेच्या इच्छेला, रुसव्याला काव्याच्या मध्यभागी ठेवलं, आणि आपली ओळख करून देताना आपल्या आजीचं आणि आत्याचं नाव अभिमानानं घेतलं. एकच गाव, एकच शतक, एकच राजघराणं. यातली ‘आपली परंपरा’ कुठली? मी म्हणतो, दोन्ही. पहिलीच तेवढी आपली आणि दुसरी आयात, असं म्हणायला आधार नाही.

मुद्दुपळनीची गोष्ट इथे संपत नाही. एकोणिसाव्या शतकात तिचं काव्य छापलं गेलं, पण काही भाग आणि तिनं स्वतःविषयी लिहिलेला मजकूर गाळून. बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेच्या ते लक्षात आलं. त्याही देवदासी परंपरेतल्या. त्यांनी मूळ पोथी मिळवली आणि 1910 मध्ये संपूर्ण काव्य छापलं. त्यावर टीका केली ती कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी. हे गृहस्थ विधवाविवाहासाठी आणि मुलींच्या शाळांसाठी झटलेले थोर सुधारक. त्यांचं म्हणणं असं, की असला मजकूर बाईच्या तोंडी शोभत नाही. नागरत्नम्मांनी विचारलं, लाज काय ती बाईनंच धरायची का? पुरुषांनी लिहिलेल्या तसल्याच काव्यांना तुम्ही हात लावत नाही, उलट स्वतः संपादून छापता. उत्तर सरकारनं दिलं, प्रती जप्त करून. बंदी उठली ती थेट 1947 मध्ये.

बाईंच्या भल्यासाठी खरोखर झटणाऱ्या माणसालाही बाईनं स्वतः बोललेलं खपेलच असं नाही. या प्रकरणातलं मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

याच नागरत्नम्मांनी तिरुवैयारूला, म्हणजे इथून दहा-बारा किलोमीटरवर कावेरीकाठी, त्यागराजस्वामींच्या समाधीची पडझड पाहून आपल्या कमाईतून जागा घेतली, मंदिर उभारलं. 1925 मध्ये ते पूर्ण झालं. आराधना मात्र पुरुषांच्या दोन गटांच्या हातात होती, आणि बायकांना तिथे गायला मनाई. ज्या बाईनं समाधी बांधली तिलाच समाधीपुढे गाता येईना! तेव्हा 1927 मध्ये त्यांनी बायकांचा तिसरा गट काढला आणि मंदिराच्या मागच्या बाजूला आपली आराधना सुरू केली. मागच्या बाजूला बरं का, पण केली. 1940 च्या सुमारास तिन्ही गट एक झाले. आज पुष्य बहुल पंचमीला शेकडो गायक-गायिका एकत्र बसून पंचरत्न कृती गातात, त्या दृश्याला ही पार्श्वभूमी आहे. ‘पुरुष नकोत’ असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. सोबत बसू द्या, एवढंच मागणं होतं.

आता राण्या. एकोजी दुसरे वारल्यावर त्यांच्या राणी सुजानबाई यांनी 1737 च्या सुमारास काही काळ राज्य केलं, हे खरं. पण 1855 मध्ये शिवाजी महाराज (हे तंजावरचे, दुसरे) वारले तेव्हा मुलगा नव्हता, मुली होत्या. ज्या गादीवर सुजानबाई बसल्या तिला कंपनी सरकारनं वारस नाही असं ठरवून राज्य खालसा केलं, शिवाय वाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या विधवा राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेली, तिथे 1859 मध्ये निकाल फिरला. हे राज्यसत्तेचं कृत्य आहे, कोर्टाला यात पडता येत नाही, असं ठरलं. कायद्याचे विद्यार्थी तो खटला अजून वाचतात. 1862 मध्ये सरकारनं खासगी मालमत्ता विधवांना परत केली. सांगायचं हे, की एखादी राणी होऊन गेली म्हणून पुढच्या मुलीचा हक्क ठरत नाही. तो कागदावर लागतो.

फौजेविषयी थोडक्यात. महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असा युक्तिवाद झाला होता, की जवान ग्रामीण भागातून येतात, बाईचा हुकूम मानायची त्यांची तयारी नाही. न्यायालयानं 17 फेब्रुवारी 2020 ला तो फेटाळला. मी आयुष्य जवानांसोबत काढलं आहे. अधिकाऱ्याला काम येतं का आणि तो आपल्या माणसांमागे उभा राहतो का, एवढंच जवान पाहतो. त्याच्या नावावर आपला संकोच खपवू नये. मे 2025 मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी.

राहिलं ‘कायद्यानं सगळं मिळालं’. मालमत्तेत मुलीला समान हक्क असावा, ही मागणी तमिळनाडूत पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीनं 1929 च्या चेंगलपट्टू परिषदेत केली. इथे तसा कायदा 1989 पासून लागू झाला, महाराष्ट्रात 1994 मध्ये. दोन्हीकडे आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ती अट 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं गेली. वडील त्या दिवशी हयात असायलाच हवेत असं नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं.

मग व्यवहारात काय होतं? भाऊ बहिणीला बोलावतो, जेवण होतं, साडी दिली जाते आणि हक्कसोडपत्रावर सही होते. तमिळमध्ये या कागदाला ‘विडुदलै पत्तिरम्’ म्हणतात. विडुदलै म्हणजे सुटका, स्वातंत्र्यही! बहीण राजीखुशीनं सोडत असेल तर तिचा हक्क आहे, सोडावा. पण ‘माहेर तुटेल’ या भीतीनं ती सही करत असेल तर त्याला राजीखुशी म्हणायला मी तयार नाही.

म्हणून घरातल्या मुलींना चार गोष्टी माहीत असू द्या. लग्न झालं म्हणून हिस्सा जात नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचं ते मृत्युपत्र करू शकतात, तिथे जन्मतः हक्क नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणी होऊन किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली वाटणी पुन्हा उघडत नाही. आणि हक्कसोडपत्र नोंदवलं की ते सहज मागे घेता येत नाही, म्हणून सहीआधी कागद घरी न्यावा, आपल्या वकिलाला दाखवावा आणि मगच ठरवावं. भावानं यावर रागवायचं कारण नाही. तोही जमीन विकत घेताना हेच करतो.