अवरक्त दृश्य सदृशीकरण

अवरक्त प्रारण ग्रहण करून प्रतिमा तयार करणाऱ्या संवेदकांची चाचणी घेण्यासाठी प्रयोगशाळेत कृत्रिम उष्णतादृश्य निर्माण करण्याचे तंत्र. रात्री पाहण्याची साधने, क्षेपणास्त्रांचे लक्ष्यशोधक, अग्निशामक दलाचे कॅमेरे इत्यादींच्या चाचणीसाठी या तंत्राचा उपयोग होतो.

तत्त्व : दृश्य प्रकाशातील चित्र मुख्यत्वे परावर्तनामुळे दिसते, उष्णताचित्र मात्र पदार्थांनी स्वतः उत्सर्जित केलेल्या प्रारणामुळे घडते. हे प्रारण पदार्थाचे तापमान व पृष्ठभागाची उत्सर्जनक्षमता यांवर अवलंबून असते. व्हीन यांच्या नियमानुसार ३०० के. (सु. २७° से.) तापमानाच्या कृष्ण पदार्थाचे प्रारण ९.७ मायक्रॉन तरंगलांबीपाशी कमाल असते. वातावरण ३ ते ५ व ८ ते १२ मायक्रॉन या पट्ट्यांत बरेच पारदर्शक असल्याने उष्णताचित्रक बहुधा या पट्ट्यांसाठी बनवितात.

आवश्यकता : उघड्या मैदानावरील चाचणी तंतोतंत त्याच परिस्थितीत पुन्हा घेता येत नाही. ऊन, वारा व आर्द्रता सतत बदलतात. सकाळी आणि सायंकाळी उभे वाहन व सभोवतालची जमीन यांचे प्रारण काही काळ जवळजवळ समान होते आणि वाहन प्रतिमेत दिसेनासे होते. अशी बिकट स्थिती प्रयोगशाळेत हवी तेव्हा व हवी तितक्या वेळा निर्माण करता येते.

पद्धती : स्थिर दृश्यासाठी नियंत्रित तापमानाच्या कृष्ण पृष्ठापुढे पट्ट्यांच्या आकाराच्या खाचा पाडलेला धातूचा पत्रा ठेवतात. खाचांतून येणारे प्रारण अन्वस्तीय आरशाने समांतर केल्यामुळे लक्ष्य फार दूर असल्यासारखे भासते. पत्रा व कृष्ण पृष्ठ यांच्यातील तापमानाचा फरक कमी करीत नेऊन पट्ट्या ओळखू येण्यासाठी लागणारा किमान फरक ठरवितात.

हलत्या दृश्यासाठी व्ही. टी. ब्लाय यांनी १९८२ मध्ये एक साधन वर्णिले. त्यात निर्वातातील अतिशय पातळ काळ्या पटलावर दृश्य प्रकाशातील चित्र पाडतात. प्रकाश शोषून तापलेले पटल तेच चित्र अवरक्त प्रारणात उत्सर्जित करते. पुढे सिलिकॉनच्या चकतीवर सूक्ष्म विद्युत् रोधकांची जाळी बनविण्यात आली. तीमधील प्रत्येक रोधक चित्राचा एक बिंदू असून त्याचे तापमान विद्युत् प्रवाहाने बदलता येते. सूक्ष्म आरशांच्या जाळीचाही वापर करतात. परंतु आरशांचे आकारमान तरंगलांबीच्या जवळपास असल्याने दीर्घ तरंगांच्या बाबतीत विवर्तनाचा अडथळा येतो. रोधकांना वा आरशांना द्यावयाचे चित्र संगणक तयार करतो. त्यासाठी सूर्याची उष्णता, पदार्थांचे गुणधर्म व वातावरणातील शोषण यांचे गणित करावे लागते.

अचूकता : सदृशीकरणातील मुख्य अडचण सूक्ष्म भेदाची आहे. ३०० के. तापमानाजवळ १ के. फरकाने १० मायक्रॉन तरंगलांबीचे प्रारण केवळ सु. १.६ टक्के बदलते. म्हणून जाळीतील रोधकांच्या उत्सर्जनात १ टक्का तफावत असली, तरी ती ०.६ के. इतका तापमानातील फरक म्हणून दिसते. ०.०५ के. फरक ओळखणाऱ्या संवेदकाला ही तफावत ठळक दिसते आणि प्रक्षेपकाचा दोष संवेदकाच्या माथी मारला जातो. याउलट सदृशीकरणात पार्श्वभूमी वास्तवापेक्षा साधी ठेवल्यास सदोष संवेदकही चाचणीत उत्तीर्ण होतो. यास्तव प्रत्येक रोधकाचे उत्सर्जन मोजून त्याचा प्रवाह दुरुस्त करतात, तसेच कृत्रिम दृश्य मैदानावरील प्रत्यक्ष मापनांशी ताडून पाहतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचणीने मैदानावरील चाचण्यांची संख्या कमी होते; त्यांची गरज मात्र संपत नाही.