क्रेडिट मिळालं, पगारही मिळतो का?

एक्स्टर्नशिप: लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यानं न्यायाधीश, सरकारी वकील किंवा कंपनीच्या कायदा विभागाकडे केलेलं, अभ्यासक्रमात धरलं जाणारं काम. वर प्राध्यापकांची देखरेख.

बदल कधी: अमेरिकन बार असोसिएशनच्या जुन्या नियमानुसार क्रेडिट घेतलं की पगार बंद; प्रवासासारख्या खर्चाची भरपाई तेवढी चाले. ऑगस्ट २०१६ मध्ये ही बंदी उठली. पगार देणं मात्र सक्तीचं झालं नाही, आणि लॉ स्कूलला स्वतःची बंदी ठेवता येते. म्हणून प्रवेशापूर्वीच विचारावं.

तास: पदवीसाठी प्रत्यक्ष अनुभवाचे किमान ६ क्रेडिट. एका क्रेडिटला साधारण ४२.५ तास, ३ क्रेडिटला जवळपास १२८.

आयसेलिनहून (न्यू जर्सी): मेट्रोपार्क स्टेशनवरून थेट गाडीने नेवार्क. रटगर्स आणि सीटन हॉल, दोन्ही लॉ स्कूल तिथे.

भारतात: बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २०.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा: कॅम्पसबाहेरच्या पगारी एक्स्टर्नशिपसाठी आधी ‘सीपीटी’ (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची) मंजुरी लागते, तीही सहसा एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली, तर त्या पातळीवरची ‘ओपीटी’ (शिकलेल्या विषयात तात्पुरतं काम करण्याची परवानगी) मिळत नाही. सीपीटी मंजुरीची नोंद आय-२० या विद्यार्थी-फॉर्मवर झाल्याशिवाय कामावर रुजू होऊ नये.